साप नाही, गांडूळ नाही, मग कोण? देवगांडुळाच्या वर्गीकरणाचं एक प्रकरण

प्राण्यांच्या वर्गीकरणाचा धडा शिकवताना मला सगळ्यात जास्त काय खटकतं तर मुलांची नावं पाठ होतात पण निकष कळत नाही. उभयचर म्हणजे बेडूक, सरीसृप म्हणजे साप, वलयांकित म्हणजे गांडूळ, एवढं लिहिलं की मार्क मिळतात. पण हा प्राणी याच गटात का असं विचारलं की उत्तर एकच, "बाई, तसा दिसतो ना." आणि नेमकं तिथेच सगळं घसरतं, कारण दिसणं हा वर्गीकरणातला सगळ्यात फसवा पुरावा आहे. म्हणून एकच प्रकरण पूर्ण मांडतेय, आमच्या दहावीच्या वर्गात झालेलं. ज्यांना हा विषय शिकवायचाय किंवा स्वतःच नीट समजून घ्यायचाय त्यांना उपयोग होईल.

जागा दोडामार्ग तालुका, गोव्याच्या हद्दीपासून फार लांब नाही. जुलै महिना, पाऊस लागून राहिलेला. शाळेच्या परसबागेत शेणखताचा जुना ढीग आहे, तो वांग्याच्या वाफ्यात टाकायला काढत होतो तर तळातून एक काळपट जांभळं, पेनापेक्षा जाड, फुटपट्टीएवढं लांब काहीतरी वळवळत बाहेर आलं. शिपाईकाका फावडं उगारूनच पुढे आले, कारण आमच्याकडे असलं काही दिसलं की विषारी समजून आधी मारतात आणि मग बघतात. त्यांना थांबवलं. हात ओले करून, ओल्या मातीसकट ते एका पारदर्शक प्लास्टिकच्या डब्यात ठेवलं, झाकणाला भोकं पाडली आणि डबा वर्गात नेला. नाव मला माहीत होतं पण मुद्दाम सांगितलं नाही. फळ्यावर फक्त एवढंच लिहिलं की याला कुठल्या गटात टाकाल आणि का.

वर्गात लगेच तीन पार्ट्या पडल्या. सगळ्यात मोठी पार्टी गांडूळवाली, कारण अंगावर कडी, मातीत राहतं, पाय नाहीत, डोळे धड दिसत नाहीत. दुसरी सापवाली, त्यातले दोघंतिघं तर ठाम की हा वाळाच, घराच्या ओट्याखाली निघतो तो. आणि मागच्या बाकावरच्या एकाने वाम म्हटलं, त्याच्या घरी पावसात चढणीचे मासे पकडतात त्यामुळे बुळबुळीत लांबडं अंग बघून त्याला तेच आठवलं. मला हे तिन्ही अंदाज आवडले कारण तिन्हींच्या मागे बघितलेलं काहीतरी होतं. मग प्रत्येक पार्टीला सांगितलं की तुमच्या प्राण्याशी याचं काय काय जुळतं त्याची यादी करा. फळ्यावर तक्ता झाला: पाय नाहीत, लांब अंग, कडी, बिळात राहणं, लहान डोळे, ओलसर कातडी. मोजणी केली तर गांडूळ पहिलं आलं, साप दुसरा. बेडकाचं नाव तक्त्यात कुणी घेतलंच नव्हतं, आणि घेणार तरी कोण, बेडूक आणि हे शेजारी ठेवले तर दोघांचं काही नातं असेल असं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही.

गांडूळवाले पहिल्यांदा बाद झाले आणि ते बघण्यासारखं होतं. डब्यात एक खरं गांडूळ सोडलं. थोडा वेळ काहीच नाही, मग या प्राण्याने डोकं हळूहळू पुढे आणलं, तोंड उघडलं, आणि गांडूळ मधोमध पकडून मातीत मागे ओढत नेलं. तोंड उघडलं तेव्हा पुढच्या बाकावरच्या मुलींना वरचा जबडा, खालचा जबडा आणि बारीक दात दिसले. गांडुळाला जबडा नसतो, दात नसतात, कवटी नसते, पाठीचा कणा नसतो. वरखाली उघडणारा असा दातांचा जबडा म्हणजे कणा असलेल्याच घराण्यातलं काम. म्हणजे एका क्षणात हा प्राणी गांडुळापासून इतका लांब गेला की तो गांडुळापेक्षा आपल्या, म्हणजे माणसाच्या जवळचा ठरला. हे वाक्य मी बोलले तेव्हा वर्ग गप्प झाला, काहींना पटलंच नाही. पण खरंच तसं आहे, कणा असलेले सगळे प्राणी एका फांदीवर आणि गांडूळ वेगळ्याच फांदीवर.

मग कड्यांचं काय? हा प्रश्न एका मुलीने विचारला आणि तो फार महत्त्वाचा आहे. गांडुळाची कडी म्हणजे त्याच्या शरीराचे खरेखुरे कप्पे, आतून पडदे असलेले. या प्राण्याची कडी म्हणजे कातडीच्या घड्या, आणि त्यातल्या मुख्य घड्या आतल्या मणक्यांच्या हिशोबाने पडलेल्या असतात, साधारण एका मणक्याला एक घडी. बाहेरून दोन्ही सारखं दिसतं, आतली रचना सर्वस्वी वेगळी. म्हणून वर्गीकरण करणारा माणूस आधी आत काय आहे ते बघतो.

वाम फार वेळ टिकली नाही. पर नाहीत, कल्ल्यांची फट नाही, पाण्याबाहेर निवांत श्वास चाललाय.

सापवाले मात्र चिवट निघाले आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, कारण वर्गीकरणाचा पाया घालणारा स्वीडिश शास्त्रज्ञ, खुद्द लिनियस, त्यानेही हेच केलं होतं. १७५८ साली त्याच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती आली, आज प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची सुरुवात जिथून धरतात ती, त्यात त्याने हे प्राणी सरळ सापांच्या गटात टाकले होते. निकष काय, तर पाय नाहीत. आणि बेडूक कुठे? बेडूक त्याने सरडे आणि कासवांबरोबर ठेवले होते, कारण त्यांना पाय आहेत. म्हणजे एक ठळक लक्षण धरलं, पाय आहेत की नाहीत, आणि त्यावरून भिंत घातली. आमच्या दहावीच्या पोरांनी दोनशे साठ-सत्तर वर्षांनंतर कुणी न सांगता तोच रस्ता धरला, कारण माणसाच्या डोळ्याला पहिलं तेच दिसतं.

साप आहे की नाही हे तपासायला सापाचंच लक्षण बघायला हवं. सापाच्या अंगावर खवले असतात, कोरडे, केराटिनचे, म्हणजे आपली नखं ज्याची असतात तेच. वाळा कितीही गांडुळासारखा वाटला तरी भिंगातून बघितला की चकचकीत खवल्यांची ओळ न ओळ दिसते, आणि शेपटीच्या टोकाला बारीक काटा असतो. खापरखवल्या साप तर आमच्या भागातला, त्याची बोथट खरखरीत शेपूट ज्याने एकदा बघितली तो विसरत नाही. आता डब्यातला प्राणी. भिंग फिरवलं, वरून खालून सगळीकडून. एक मुलगा भिंगावरून मान वर करून म्हणाला, "बाई, ह्यो साप न्हय, ह्येका खवले खंय आसत?" खवले नव्हते. कातडी उघडी, ओलसर, आणि थोडं डिवचलं की चिकट स्राव सुटत होता. ही कातडी ग्रंथींनी भरलेली असते, काही ग्रंथी ओलावा धरून ठेवायला आणि काही विषारी स्राव सोडायला, म्हणजे खाणाऱ्याला ती बेचव लागावी. सापाच्या कातडीत असं काही नसतं.

(इथे एक बारकावा आहे, मोठ्या मुलांना सांगायलाच हवा. यातल्या बऱ्याच जातींमध्ये कातडीच्या घड्यांच्या आत अगदी सूक्ष्म खवले लपलेले असतात, ते सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. पण ते सापासारखे वरच्या कातडीचे नसतात, आतल्या थरात तयार होतात, माशांच्या खवल्यांशी जास्त जुळणारे. तेव्हा "खवले आहेत म्हणजे साप" एवढ्यावर थांबलात तरी फसाल.)

मग दोन गोष्टी दिसल्या ज्यांनी प्रकरणाला वळण दिलं. एक म्हणजे गळा. प्राणी शांत झाल्यावर त्याच्या गळ्याखालची कातडी सारखी खालीवर होत होती, बारीक पण सतत. पावसाळ्यात भिंतीला चिकटलेला बेडूक ज्याने बघितलाय त्याला ही हालचाल लगेच ओळखू येते, बेडूक तोंडाच्या तळाने हवा फुप्फुसात ढकलतो. साप फासळ्यांच्या हालचालीने श्वास घेतो. दुसरी गोष्ट डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये, दोन्ही बाजूंना एकेक सूक्ष्म टोक आतबाहेर होत होतं. ही त्याची स्पर्शिका, मातीतला वास आणि स्पर्श कळण्यासाठी. कणा असलेल्या प्राण्यांमध्ये हा अवयव दुसऱ्या कुणालाच नाही, सापाला नाही, बेडकाला नाही, फक्त या एका गटाला आहे. जगात या गटाच्या दोनशेहून जास्त जाती माहीत आहेत आणि झाडून सगळ्या एकाच कुळपरंपरेतल्या मानल्या जातात त्याच्या पुराव्यांपैकी हा एक. आता नाव सांगितलं, देवगांडूळ.

गट उभयचर, म्हणजे बेडकाचा. वर्गाला हे झेपायला वेळ लागला आणि लागायलाच हवा. पुस्तकात उभयचर म्हटलं की चार पायांचं चित्र. शिवाय तिसरे भाऊबंद, सॅलॅमँडर, म्हणजे सरड्यासारखे दिसणारे शेपटीवाले उभयचर, आपल्याकडे नाहीतच, ते बघायला पार दार्जिलिंगकडे जावं लागतं. बेडूक आणि भेक मिळून सात हजारांवर जाती आहेत, त्यामुळे सगळी जागा त्यांनीच खाल्लेली असते आणि देवगांडूळ कुणाच्या लक्षातच येत नाही.

शास्त्रज्ञांना हे कसं कळलं ते सांगण्यासारखं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच काही जणांना शंका आली होती की हा साप नसावा, शरीराची आतली ठेवण बेडकांकडे झुकते. पण ठोस काहीतरी हवं होतं. ते १८३१ साली मिळालं. योहानेस म्यूलर नावाच्या जर्मन शरीररचना अभ्यासकाला हॉलंडमधल्या लायडनच्या संग्रहालयात ठेवलेल्या एका पिल्लाच्या मानेला कल्ल्यांची भोकं दिसली. सापाचं पिल्लू अंड्यातून निघतं ते थेट सापच असतं, त्याला पाण्यात कल्ल्यांनी श्वास घ्यायची अवस्थाच नसते. पुढे १८८०च्या दशकात साराझिन आडनावाच्या, दूरच्या नात्याने भाऊ लागणाऱ्या दोन स्विस अभ्यासकांनी श्रीलंकेत जाऊन याच गटातल्या इक्थिओफिस वंशाचा सगळा जीवनक्रम बघितला: मादी पाण्याजवळच्या ओल्या बिळात अंडी घालते, अंड्यांना विळखा घालून बसते, अंड्यातल्या पिल्लाला झालरीसारखे कल्ले असतात, बाहेर आल्यावर पिल्लू पाण्यात राहतं, शेपटीला पर असतो, आणि मोठं झालं की कल्ल्यांची फट बुजते आणि ते मातीत शिरतं. बेडूकमासा आठवा.

इथे बरेच लेख थांबतात, कल्ले सापडले आणि प्रश्न सुटला म्हणतात. मला वाटतं खरा धडा इथून पुढे आहे. कल्ल्यांनी फक्त एवढं सिद्ध केलं की हा साप नाही. बेडकाचा नातेवाईक आहे हे कल्ल्यांनी सिद्ध होत नाही, कारण कल्ले माशांनाही आहेत, ते फार जुनं लक्षण, सगळ्यांच्या खापरपणज्याकडून आलेलं. असं जुनं सामाईक लक्षण दोघांकडे असलं म्हणून ते दोघं एकमेकांचे सख्खे ठरत नाहीत. कणा बेडकालाही आहे आणि सापालाही आहे, त्यावरून काय कळणार? हा विचार नीट मांडला विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने, त्याचं जर्मन पुस्तक १९५० सालचं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की किती लक्षणं जुळतात ते मोजू नका, कुठली जुळतात ते बघा. नातं ठरवायला फक्त अशी लक्षणं धरा जी एका विशिष्ट पूर्वजात नव्याने आली आणि त्याच्या वंशजांनाच मिळाली.

मग बेडूक, सॅलॅमँडर आणि देवगांडूळ या तिघांत असं नवं सामाईक काय आहे? दात. तिघांच्या दातांची ठेवण विशेष आहे, दाताचं टोक आणि बुंधा असे दोन भाग आणि मध्ये न कडक झालेला मऊ सांधा. आतल्या कानात एक संवेदी ठिपका आहे जो या तिघांतच सापडतो. आणि ती ग्रंथींची ओली कातडी. यातलं वर्गात डोळ्यांनी दिसलं ते फक्त शेवटचं, बाकीचं चित्रावरून दाखवलं. डीएनएचे अभ्यास झाले तेव्हा त्यांनीही देवगांडुळांना बेडूक आणि सॅलॅमँडरच्याच सोबत बसवलं.

पण मग पाय? सापवाल्यांचा शेवटचा प्रश्न हाच होता, पाय दोघांनाही नाहीत हा योगायोग कसा. योगायोग नाही, कारण आहे. जमिनीत घुसून जगायचं तर पाय अडतात, लांब अंग आणि कडक डोकं उपयोगी पडतं, म्हणून वेगवेगळ्या घराण्यांनी आपापल्या वाटेने पाय गमावले. सापांनी वेगळे गमावले, देवगांडुळांनी वेगळे, आणि पाय नसलेले सरडेही आहेतच. याला नुसतं तर्काने मानायची गरज नाही, दोन्हीकडे पुरावे पडलेत. आपल्याकडच्या मांडुळाच्या नराला शेपटीच्या मुळाशी दोन बारीक नख्या असतात, अजगरालाही असतात, ते मागच्या पायांचे अवशेष. आणि देवगांडुळांच्या बाजूने अमेरिकेत ॲरिझोनात एक जीवाश्म मिळालं, १९९३ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं, नाव इओसिसिलिया, काळ साधारण १८ ते १९ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याला चार लहान लहान पाय आहेत. दोन घराणी, दोघांचे पूर्वज पायवाले, पाय जाण्याची घटना दोनदा वेगवेगळी. म्हणून "पाय नाहीत" हे लक्षण या दोघांचं नातं ठरवायला शून्य कामाचं. फळ्यावरच्या तक्त्यातलं सगळ्यात वरचं लक्षण, ज्याला सगळ्यांनी सर्वात जास्त वजन दिलं होतं, ते पुसायला मी एका सापवाल्यालाच उठवलं.

हीच फसगत उलट बाजूनेही होते, आणि त्याची दोन उदाहरणं देवगांडुळांमध्येच आहेत. पहिलं अगदी आपल्या घरचं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून गेगेनिओफिस शेषाचारी ही जात २००३ साली नोंदली गेली, आणि २००८ साली वरद गिरी, डेव्हिड गॉवर आणि पुण्यातल्या संशोधकांनी मिळून दाखवलं की ती अंडी न घालता पिल्लांना जन्म देते. आशियातल्या उभयचरांमध्ये असं पहिल्यांदा नोंदलं गेलं, तेही कोकणातल्या मातीत, याचा मला फार अभिमान वाटतो. दुसरं उदाहरण ब्राझीलचं: तिथल्या एका देवगांडुळाची मादी अंड्यातून निघालेल्या पिल्लांना शरीरातून चरबीयुक्त, दुधासारखा द्रव पाजते, हे २०२४ साली प्रसिद्ध झालं. आता पिल्लाला जन्म देणं आणि दूध पाजणं ही तर आपण सस्तन प्राण्यांची लक्षणं म्हणून पाठ केलेली. मग देवगांडूळ सस्तन का नाही? कारण ते दूध सस्तनांच्या पूर्वजाकडून आलेलं नाही, दुधाच्या ग्रंथी वेगळ्या, जागा वेगळी, उगम वेगळा. वर्गात हा प्रश्न सुटा विचारला तर कुणी सोडवला नसता, पण पायांचं प्रकरण झाल्यावर एका मुलीने लगेच सांगितलं, "बाई, हे पण पायासारखंच, वेगवेगळं आलं." मला त्या दिवशी याहून जास्त काही नको होतं.

आतापर्यंतची सगळी गोष्ट मोठ्या गटाची झाली. खालच्या पातळीवर, म्हणजे कुळ, वंश, जात, काम आणखी बारीक होतं कारण देवगांडुळं बाहेरून एकमेकांसारखीच दिसतात. ईशान्य भारतातल्या काही देवगांडुळांचं उदाहरण बघा, २०१२ साली दिल्ली विद्यापीठाचे एस. डी. बिजू आणि सहकाऱ्यांनी कवटीची रचना आणि डीएनए तपासून दाखवलं की ती एका स्वतंत्र कुळातली आहेत, चिकिलिडी, आणि त्यांचे सर्वात जवळचे नातेवाईक भारतात नाहीतच, आफ्रिकेत आहेत. भारत आणि आफ्रिका एकाच भूखंडाचे भाग होते तेव्हाची ही ताटातूट. शेजारच्या राज्यातलं सारखं दिसणारं देवगांडूळ लांबचं आणि समुद्रापलीकडचं जवळचं, हे नुसत्या डोळ्यांनी कधीच कळलं नसतं.

आमच्या डब्यातला प्राणी मी इक्थिओफिस वंशातला धरला, कारण डोळा कातडीखालून स्पष्ट दिसत होता आणि शेवटी अगदी आखूड शेपूट होती. गेगेनिओफिसमध्ये डोळा हाडाखाली झाकलेला असतो आणि शेपूट नसते. जात मात्र ठरवली नाही. त्यासाठी कड्यांची मोजणी, स्पर्शिकेचं नेमकं ठिकाण, दातांची संख्या हे सगळं लागतं, ते अभ्यासकाचं काम आहे. जे दिसलं नाही त्यावरून नाव ठोकून देणं मला मान्य नाही, आणि मुलांनीही वहीत "इक्थिओफिस, जात अनिश्चित" असंच लिहिलं. प्राणी त्याच दिवशी शाळा सुटायच्या आत त्याच ढिगाच्या तळाला, त्याच ओल्या मातीत सोडला. शिपाईकाकांनी स्वतः जागा करून दिली.

तुमच्याकडे खत काढताना, चिऱ्याचा दगड उलटताना, केळीच्या बुंध्याशी असं काही निघालं तर मारू नका, ते चावून माणसाला काही होत नाही. हात कोरडे असतील किंवा हाताला मीठ, खत, साबण लागला असेल तर धरू नका, कातडीतून ते आत जातं आणि प्राणी मरू शकतो. ओळख पटवायची असेल तर डोक्याचा बाजूने जवळून फोटो, ज्यात डोळा, नाकपुडी आणि स्पर्शिका तिन्ही येतील, डोक्याचा वरून एक, शेपटीकडच्या टोकाचा खालून एक, आणि पूर्ण अंगाचा शेजारी पट्टी ठेवून एक, कडी मोजता येतील इतका स्पष्ट. सोबत गाव, तारीख आणि कशाखाली सापडलं ते लिहून ठेवा, आणि पाच-दहा मिनिटांत परत मातीत.